मैफल, तबकडी आणि स्मार्टफोन : कोल्हापूर परिसरातील संगीतश्रवणाच्या निकषांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

आजच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या हाती असलेले संगीतश्रवणाचे प्रमुख साधन म्हणजे स्मार्टफोन होय. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीवर टिपण लिहिणारा विद्यार्थी केसरबाई केरकरांचे किंवा मल्लिकार्जुन मन्सूरांचे गाणे प्रथम ऐकतो ते बहुधा फोनवरच. त्या ऐकण्यावरून तो आवाजाविषयी, स्वराविषयी आणि पर्यायाने घराण्याविषयी मत बनवितो. अशा वेळी 'फोनवर वाजणाऱ्या संगीताच्या ध्वनीचा दर्जा कसा ठरवावा?' हा प्रश्न केवळ यंत्र खरेदी करणाऱ्या ग्राहकाचा राहत नाही. तो संगीताच्या इतिहासाचा आणि अध्यापनाचा प्रश्न होतो.

या प्रश्नाचा विचार बहुतेक वेळा यंत्राच्या बाजूने केला जातो. फोन किती किमतीचा, कर्णश्राव्य किती मोठे, इअरफोन कोणत्या बनावटीचा अशी चर्चा होते. तथापि दर्जा ठरविणारा निकष कोठून आला, हे पाहिल्याशिवाय यंत्राविषयीचा निर्णय अपुरा राहतो. कोल्हापूर, सांगली, मिरज या परिसराला या संदर्भात विशेष महत्त्व आहे. येथे थोर गवयांच्या मैफली झाल्या, श्रुतींचे मापन करण्याचे प्रयत्न झाले, मराठी बोलपटाचा ध्वनी मुद्रित झाला आणि येथेच तानपुऱ्याचे भोपळे कोरले जातात. प्रस्तुत लेखात या परिसराच्या अनुभवाच्या आधारे ध्वनीच्या दर्जाच्या निकषांचा मागोवा घेतला आहे.

उद्दिष्टे :

१. मैफलीत घडलेल्या श्रवणनिकषांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. ध्वनिमुद्रणाच्या प्रत्येक टप्प्यावर या निकषांत काय बदल झाला ते पाहणे.
३. स्मार्टफोनवरील संगीताचे परीक्षण करण्यासाठी अध्यापकांना उपयोगी पडेल अशी पद्धती सुचविणे.

मैफल : निकषाचे उगमस्थान

छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने उस्ताद अल्लादियाखाँ १८९५ मध्ये कोल्हापूर दरबारात आले. महाराजांचे १९२२ मध्ये निधन होईपर्यंत त्यांचे वास्तव्य प्रामुख्याने कोल्हापुरात होते. पुढे ते मुंबईस गेले आणि १९४६ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ या नगरीतील रसिकांना त्यांचे गाणे ऐकण्याची संधी मिळाली. ते ऐकणे ध्वनिवर्धकाविना होते. श्रोता गवयापासून काही हातांच्या अंतरावर बसलेला असे. दोन तानपुऱ्यांचा झंकार पाठीशी, सारंगी किंवा पेटी एका अंगाला, तबला दुसऱ्या अंगाला आणि मध्ये गाणारा कंठ, अशी ही ध्वनीची मांडणी होती.

या मांडणीत श्रोत्याच्या कानावर काही संस्कार आपोआप होत. पहिला संस्कार आवाजाच्या लहान-मोठेपणाचा. गवई स्वर कोठे मोकळा सोडतो आणि कोठे आवरून घेतो, हे जवळून कळे. दुसरा संस्कार दमसासाचा. जयपूर गायकीत लयीच्या अंगाने पेचदार, अखंड आकारयुक्त आलाप चालतो आणि श्वास कोठे घेतला हे सहसा उमगू दिले जात नाही. तिसरा संस्कार आसेचा, म्हणजे स्वर थांबल्यावरही तानपुऱ्यात मिसळून रेंगाळणाऱ्या नादाचा.

येथे एक भेद ध्यानी घेणे आवश्यक आहे. ऐन उमेदीत अतिश्रमाने अल्लादियाखाँसाहेबांचा मूळ आवाज बिघडला आणि नंतरच्या आवाजाला साजेशी गायकी त्यांनी घडविली, असे त्यांच्या चरित्राच्या संदर्भात सांगितले जाते. तरीही तत्कालीन जाणकारांनी त्यांना गायनाचे शिखर मानले. याचा अर्थ, नादाचे माधुर्य आणि संगीताची श्रेष्ठता या दोन गोष्टी मैफलीच्या श्रोत्याने एक मानल्या नव्हत्या. गोविंदराव टेंब्यांसारखा कोल्हापूरच्या मातीतला पेटीवादक, नट आणि लेखक या गायकीविषयी लिहितो तेव्हा तो चिजेची मांडणी, लय आणि बुद्धी यांविषयी बोलतो. केवळ आवाजाच्या गोडव्याविषयी नव्हे. आज फोनवरील ध्वनीची चर्चा करताना हाच भेद वारंवार विसरला जातो.

मापन आणि कान

ध्वनीचा दर्जा यंत्राने मोजावा की कानाने, हा वाद या परिसराला नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी महसूल खात्यातील सेवेनंतर श्रुतींच्या मापनाचा ध्यास घेतला आणि बावीस श्रुतींविषयीचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. तारेच्या लांबीवरून स्वरांचे गुणोत्तर काढावे आणि ते गवयाच्या गळ्याशी ताडून पाहावे, अशी त्यांची रीत होती. या कामी त्यांना उस्ताद अब्दुल करीमखाँ यांचे साहाय्य लाभले. ब्रिटिश सनदी सेवेतील ई. क्लेमंट्स यांनी हे कार्य पुढे नेले आणि त्यातून श्रुतींची पेटी तयार झाली. १९१६ मध्ये बडोदे येथे भरलेल्या संगीत परिषदेत या विषयावर वाद झाला आणि पंडित भातखंडे यांना ही मांडणी मान्य झाली नाही.

श्रुतींच्या या वादात कोणाची बाजू खरी, हे ठरविणे येथे अभिप्रेत नाही. महत्त्वाचा मुद्दा असा की, देवलांनी आपली मोजपट्टी गवयाच्या गळ्याला लावून पाहिली आणि विरोधकांनीही आपला आक्षेप गळ्याच्या व कानाच्या आधारेच घेतला. यंत्र हे साक्षीदार होते, न्यायाधीश नव्हते. पुढील काळात ही भूमिका हळूहळू बदलत गेली.

तबकडीचा काळ

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणास नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात प्रारंभ झाला. ग्रामोफोन कंपनीच्या वतीने आलेल्या फ्रेडरिक गैस्बर्ग यांनी गोहरजान यांचे गाणे मुद्रित केले. विजेच्या साहाय्याविना, कर्ण्याच्या तोंडाशी गाऊन हे मुद्रण होई. कर्ण्यातून ढोबळमानाने अडीचशे ते अडीच हजार हर्ट्‌झ एवढ्याच कंपनसंख्येचा पट्टा समाधानकारकपणे उमटे. त्याखालचा खर्ज आणि त्यावरची झंकाराची किनार गळून पडे. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोनच्या साहाय्याने विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि हा पट्टा जवळजवळ पाच-सहा हजार हर्ट्‌झपर्यंत वाढला.

ध्वनीच्या पट्ट्यापेक्षाही कठोर मर्यादा वेळेची होती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांहून थोडेच अधिक गाणे मावे. ज्या गायकीचे वैभव विलंबित त्रितालाच्या संथ आवर्तनांत आहे, तिला तीन मिनिटांत बसविणे म्हणजे पैठणीचा केवळ पदर दाखविण्यासारखे होते. अल्लादियाखाँसाहेबांचे गाणे तबकडीवर आले नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी तबकड्या दिल्या, पण त्यांचाही ध्वनिमुद्रणाविषयीचा दृष्टिकोन सावधच होता. याउलट, मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीमखाँ यांनी तबकडीचे माध्यम आपलेसे केले. त्यांचा बारीक, लांबणारा, सुरेल आवाज मुद्रणास अनुकूल होता आणि १९३० च्या दशकातील त्यांच्या तबकड्यांनी किराणा गायकी घरोघरी नेली.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने सावध राहावयास हवे. तबकडीने जे टिपले तेच त्या काळाचे संगीत होते, असा समज सहज होतो. वस्तुतः यंत्राने काही आवाजांना अनुकूलता दिली आणि काहींना नाही. एक घराणे कानांवर अधिक पडले व दुसरे कमी, यामागे कलामूल्याइतकीच यंत्राची निवडही कारणीभूत होती. १९७७ मध्ये अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण तबकडीत भारतीय संगीताचा नमुना म्हणून केसरबाईंची भैरवी घेतली गेली, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु तीही साडेतीन मिनिटांचीच आहे. कोल्हापुरात तासन्‌तास ऐकल्या गेलेल्या गायकीची परग्रहाकडे निघालेली ओळख तबकडीच्या एका बाजूएवढीच आहे.

वेगाचाही विचार येथे केला पाहिजे. सर्व जुन्या तबकड्या मिनिटास बरोबर ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नव्हत्या. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजविली तर कंपनसंख्या सुमारे साडेपाच टक्क्यांनी वाढते. म्हणजे काळी चारमध्ये गाणारी गायिका जवळजवळ पांढऱ्या सहामध्ये गाताना ऐकू येते. तिची लय चढते, तान अधिक वेगवान वाटते आणि आवाज पातळ होतो. अशा तबकडीवरून केलेली प्रत आज फोनवर वाजत असेल, तर कितीही महागडा फोन घेतला तरी तो दोष निघत नाही. तो फोनचा दोष नव्हेच.

बोलपट, आकाशवाणी आणि फीत

कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट सादर केला. त्यातील प्रमुख भूमिका आणि संगीत ही दोन्ही कामे गोविंदराव टेंबे यांनी केली. पार्श्वगायनाची पद्धत रूढ होण्यापूर्वीचा हा काळ असल्यामुळे नट-नटी चित्रीकरणाच्या वेळीच गात. ज्या टेंब्यांचे कान दरबारी मैफलीत तयार झाले, त्यांनाच मायक्रोफोनसाठी गावे लागले व चाली बांधाव्या लागल्या. गाण्याने थिएटरातील शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्याचे ओझे आता गळ्यावरून यंत्रावर गेले.

पुढे आकाशवाणीने, या भागात विशेषतः १९६३ मध्ये सुरू झालेल्या सांगली केंद्राने, शास्त्रीय संगीत ग्रामीण श्रोत्यांपर्यंत नेले. दीर्घकाळ वाजणाऱ्या तबकडीमुळे एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गाणे मावू लागले आणि विलंबित ख्यालाला प्रथमच श्वास घेण्याइतकी जागा मिळाली. मंजीखाँ व कोल्हापूरनिवासी भूर्जीखाँ यांच्याकडे शिकलेल्या मल्लिकार्जुन मन्सूरांची गायकी पुढील पिढ्यांना तपशीलाने अभ्यासता आली, ती या सोयीमुळेच. १९६३ मध्ये युरोपात पुढे आलेल्या आणि १९८० च्या दशकात भारतात स्वस्त झालेल्या कॅसेटने तर खासगी मैफलींचे मुद्रणही सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणले. कॅसेटच्या फितीची सळसळ आणि प्रतीवरून प्रत काढताना होणारी झीज श्रोत्यांनी पत्करली. कारण तिच्यात पूर्ण राग होता. ध्वनीचा दर्जा कमी आणि संगीताचा आशय अधिक, अशी ही देवघेव होती. रसिकांनी ती जाणतेपणी केली, कारण त्यांच्यापैकी अनेकांच्या कानांत प्रत्यक्ष मैफल होती.

स्मार्टफोन : लाभ आणि लोप

१९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने ध्वनीचे अंकांत रूपांतर केले. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुन्यास १६ बिट आणि दोन वाहिन्या या हिशेबाने सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहिती लागते. १९९० च्या दशकात आलेल्या एमपीथ्री पद्धतीने हीच माहिती १२८ किलोबिटमध्ये, म्हणजे जवळजवळ अकराव्या हिश्श्यात बसविली. मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा लहान आवाज कानाला ऐकू येत नाही, हे श्रवणविज्ञानाचे तत्त्व यामागे आहे. कानाला जे ऐकू येणार नाही असे गृहीत धरले, ते वगळले. २००७ नंतर स्मार्टफोनचा प्रसार झाला आणि २०१६ पासून भारतात मोबाइल डेटा स्वस्त झाल्यावर हे संक्षिप्त संगीत सर्वत्र पोहोचले.

या साधनाचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पूर्वी ज्या तबकड्या काही संग्राहकांच्या कपाटात होत्या, त्या आज भुदरगड किंवा आजरा तालुक्यातील विद्यार्थीही ऐकू शकतो. अंकीय प्रत काढताना झीज होत नाही. चांगल्या इअरफोनवर योग्य प्रतीचे मुद्रण ऐकल्यास मिळणारा ध्वनी जुन्या ग्रामोफोनपेक्षा पुष्कळ सरस असतो. 'फोनवरचे संगीत म्हणजे निकृष्ट' हे सरसकट विधान टिकणारे नाही.

तथापि फोनच्या अंगभूत कर्णश्राव्याला आकाराची मर्यादा आहे. नखाएवढा पडदा पुरेशी हवा हलवू शकत नाही. त्यामुळे साधारणपणे तीन-चारशे हर्ट्‌झखालचा नाद झपाट्याने क्षीण होतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्‌झचा आणि त्याच्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ नाद सुमारे ६९ हर्ट्‌झचा असतो. हे दोन्ही मूळ नाद फोनमधून जवळजवळ बाहेरच पडत नाहीत. तरीही आपल्याला षड्ज ऐकू येतो. वरच्या उपस्वरांच्या आधारे मेंदू गहाळ झालेला मूळ नाद स्वतः जुळवितो, ही ध्वनिशास्त्रातील सुपरिचित घटना होय. म्हणजे फोनवरचा खर्ज बव्हंशी ऐकणाऱ्याच्या डोक्यात तयार होतो. स्वर कळतो, पण त्याचे वजन कळत नाही. डग्ग्याची घुमक बोलांच्या टकटकीत विरते, ती याच कारणाने.

तानपुरा : या भूमीची कसोटी

ध्वनिसाधन पारखण्यासाठी आपल्या परिसराजवळ एक उत्तम कसोटी आहे, ती म्हणजे मिरजेचा तानपुरा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. येथील कारागीर घोडीची बैठक घासून, तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात. जवारी जमली की तार केवळ एक स्वर देत नाही. उपस्वरांची मालिका उलगडत जाते. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या लेखनात, रुंद घोडीमुळे या वाद्यांत एरवी न उमटणारे उपस्वरही कसे प्रकट होतात, हे दाखविले होते. कारागिराने कानाने साधलेले पदार्थवैज्ञानिकाने मापनाने पडताळले, असा हा दुर्मीळ मेळ होय.

याच तानपुऱ्याच्या बाबतीत फोनची एक विलक्षण खोड दिसून येते. संभाषणासाठी बनविलेल्या प्रणालीत गोंगाट कमी करण्याची योजना असते. पंख्याची घरघर, वाहनांचा आवाज असा एकसारखा चालणारा नाद म्हणजे गोंगाट आणि बदलणारा मानवी आवाज म्हणजे अर्थ, असे ती धरून चालते. २०२० मध्ये करोना साथीच्या काळात संगीताचे शिक्षण दूरस्थ पद्धतीने होऊ लागले, तेव्हा तानपुऱ्याचा अखंड नाद ही प्रणाली गोंगाट समजून पुसून टाकते, हे ठिकठिकाणी अनुभवास आले. दीर्घ लावलेला स्थिर षड्जही मध्येच विझू लागला. ज्याच्या आधारावर सारे गाणे उभे राहते, तोच यंत्राच्या लेखी अडथळा ठरला. पुढे मूळ ध्वनी राखण्याची सोय काही प्रणालींत उपलब्ध झाली. पण ती सुरू करावी लागते आणि त्यासाठी काय हरवते आहे, हे आधी कळावे लागते.

प्रस्तुत विषयातील खरी चिंता येथेच आहे. मैफलीत तयार झालेल्या पिढीने तबकडी व कॅसेट ऐकली, तेव्हा उणीव कोठे आहे हे तिला कळत होते आणि ती मनाने भरून काढत होती. केवळ फोनवर वाढलेल्या कानाला उणीव जाणवण्याचे कारणच उरत नाही. त्याच्या लेखी खर्जाला वजन नसते, डग्गा घुमत नाही आणि तानपुरा म्हणजे मागे कोठेतरी चालणारी गुणगुण असते. असा विद्यार्थी जेव्हा गाऊ लागतो, तेव्हा तो यंत्राने उरविलेले संगीतच गातो.

अध्यापनासाठी काही सूचना

१. परीक्षण करताना मूळ मुद्रण, त्याची अंकीय प्रत आणि ती वाजविणारे साधन या तीन पातळ्या वेगळ्या ठेवाव्यात. १९३५ च्या तबकडीतील खरखर फोनच्या माथी मारू नये.

२. जुन्या तबकडीच्या प्रतीचा वेग संशयास्पद वाटल्यास त्याच कलावंताच्या अन्य मुद्रणांतील पट्टीशी ती ताडून पाहावी.

३. दोन साधनांची तुलना करताना ध्वनिपातळी समान ठेवावी. किंचित मोठा वाजणारा ध्वनी अधिक चांगला भासतो, हा कानाचा स्वभाव आहे. कोणते साधन वाजत आहे हे ऐकणाऱ्यास सांगू नये. किंमत आणि नाममुद्रा यांचा प्रभाव त्यामुळे टळतो.

४. ऐकताना निश्चित प्रश्न द्यावेत. तानपुऱ्याची जवारी ऐकू येते का? डग्ग्याची मींड कळते का? तानेतील स्वर सुटे कळतात का? गायकाचा श्वास आणि स्वर थांबल्यानंतरची शांतता जाणवते का? 'छान', 'स्पष्ट', 'दमदार' अशा मोघम विशेषणांनी परीक्षण होत नाही.

५. या सर्वांपूर्वी विद्यार्थ्यांना एका खोलीत, ध्वनिवर्धकाविना, जुळलेल्या तानपुऱ्याजवळ किमान अर्धा तास बसवावे. त्यानंतर तोच तानपुरा फोनवर मुद्रित करून ऐकवावा. फरक सांगण्याची आवश्यकता राहणार नाही.

निष्कर्ष :

१. ध्वनीच्या दर्जाचा निकष यंत्रातून येत नाही. तो प्रत्यक्ष श्रवणातून घडतो. कोल्हापूर परिसरात हा निकष मैफलीने घडविला आणि पुढील प्रत्येक साधन त्यावर पारखले गेले.

२. प्रत्येक ध्वनिसाधनाने काही दिले आणि काही वगळले. तबकडीने वेळ व खर्ज वगळला, कॅसेटने स्वच्छता वगळून विस्तार दिला, स्मार्टफोनने सर्वत्र उपलब्धता दिली आणि नादाचे वजन वगळले. ध्वनिमुद्रणांना ऐतिहासिक साधन मानताना या वगळण्याची नोंद घेणे आवश्यक आहे.

३. ध्वनीचा दर्जा आणि संगीताचा दर्जा हे भिन्न होत. खरखरत्या तबकडीत थोर गाणे असू शकते आणि निर्मळ ध्वनीत सामान्य गाणे.

४. स्मार्टफोन हे संगीताभ्यासाचे उपयुक्त साधन आहे, ही बाब निर्विवाद होय. मात्र ते विद्यार्थ्याचा पहिला आणि एकमेव गुरू होऊ नये. गायन समाज देवल क्लबसारख्या संस्थांचा वारसा लाभलेल्या या नगरीतील महाविद्यालयांनी प्रत्यक्ष श्रवणाला अभ्यासक्रमात निश्चित तासिका द्यावी. तसे झाल्यास विद्यार्थी फोनवर पुन्हा केसरबाई ऐकेल तेव्हा त्यात काय आहे हे त्याला कळेल आणि काय नाही, हेही कळेल.